संध्याकाळी हमखास रखडणारे वायफाय : मुंबईच्या सदनिकेत दोष कसा शोधावा

दिवसभर सुरळीत चालणारे वायफाय रात्री आठ-साडेआठनंतर रखडू लागते, आतल्या खोलीत व्हिडिओ कॉलवरचा चेहरा गोठून जातो, फोनवर रेंजच्या काड्या मात्र भरलेल्या दिसतात, आणि राउटर बंद करून पुन्हा सुरू केला की तास-दोन तास सारे ठीक चालते. ही तक्रार मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांत कुणाकडून ना कुणाकडून ऐकायला मिळते. तिच्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे राउटरचे बटण. तो दोष दूर करत नाही आणि शोधूही देत नाही, कारण राउटर पुन्हा सुरू झाला की एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात. राउटर नवा चॅनेल (ज्यावर वायफाय बोलते तो लहरींचा अरुंद भाग) निवडतो, इंटरनेट पुरवठादाराशी असलेले सत्र नव्याने जुळते, भरलेली मेमरी रिकामी होते आणि घरातली सगळी उपकरणे नव्याने जोडली जातात. यांपैकी कशामुळे फरक पडला हे शेवटपर्यंत कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडते. म्हणून पहिला नियम असा की वायफाय रखडलेले असताना बटणाला हात न लावता दहा मिनिटे तपासणी करावी. हा दोष तो हजर असतानाच सापडतो. सकाळी अकराला तंत्रज्ञ आला तर त्याला सगळे उत्तम दिसणार आणि तसे लिहून तो निघून जाणार.

दोष भिंतीच्या आत की बाहेर

फोन किंवा लॅपटॉपपासून संकेतस्थळापर्यंतच्या वाटेचे दोन तुकडे आहेत. पहिला तुकडा उपकरणापासून राउटरपर्यंतचा, म्हणजे हवेतला. दुसरा राउटरपासून बाहेरचा, म्हणजे फायबरचा किंवा तारेचा. वेग मोजणारी ॲप्स हे दोन्ही तुकडे एकत्र मोजतात. त्यामुळे ‘स्पीड कमी आला’ एवढेच समजते आणि तक्रार चुकीच्या दाराशी जाते. या कामासाठी जुनी पिंगची आज्ञाच उपयोगी पडते; ती एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवते आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवते.

फोनच्या वायफाय तपशिलात ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ या नावाखाली एक पत्ता दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. लॅपटॉपवर आज्ञेची एक खिडकी (विंडोजवर ‘कमांड प्रॉम्प्ट’, मॅकवर ‘टर्मिनल’) उघडून या पत्त्याला पिंग करावे आणि शेजारी दुसरी खिडकी उघडून ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंग करावे. विंडोजवर ही आज्ञा चार उत्तरे मागून थांबते, म्हणून तिच्या शेवटी एक जागा सोडून वजाचे चिन्ह आणि इंग्रजी ‘टी’ हे अक्षर जोडावे. मॅकवर ती आपोआप चालू राहते. दोन्हीकडे कंट्रोल आणि ‘सी’ दाबले की ती थांबते.

आता दोन्ही खिडक्यांतील आकडे काही मिनिटे पाहावेत. राउटरच्या जवळ बसले असता त्याचे उत्तर साधारणपणे दहा मिलिसेकंदांच्या आत यायला हवे. ते शंभर, तीनशे असे उड्या मारू लागले किंवा मधेच उत्तर येईनासे झाले, तर घरातल्या हवेत दोष आहे आणि तेवढ्यावरून पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नाही. राउटर झटपट उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता अडखळतो, तर दोष बाहेर आहे, आणि मग राउटर बदलण्यावर पैसे घालवू नयेत. दोन्ही अडखळत असतील तर बाहेरच्या तुकड्याबद्दल काहीच सिद्ध झालेले नसते, कारण बाहेरचे उत्तरही हवेतूनच येते. अशा वेळी लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट राउटरला जोडून बाहेरची खिडकी पुन्हा पाहावी. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचे छिद्र नसते, पण यूएसबीला लावायचा छोटा ॲडॅप्टर सोसायटीत कुणाकडे तरी मिळतोच.

हवेतली गर्दी

रेंजच्या काड्या फक्त राउटरचा आवाज किती मोठ्याने ऐकू येतो ते सांगतात. त्याच वेळी इतर किती जण बोलत आहेत हे त्या सांगत नाहीत. मुंबईत मुख्य अडचण बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते.

घरातले वायफाय मुख्यतः लहरींच्या दोन पट्ट्यांत चालते, २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ. २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवान्यातून मुक्त झाला. त्यात १ ते १३ असे तेरा चॅनेल दिसतात खरे, पण शेजारच्या दोन चॅनेलांच्या मध्यांत केवळ ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि प्रत्येक प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापते. म्हणजे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच उरतात : १, ६ आणि ११. वायफायचा प्रत्येक रेडिओ बोलण्याआधी ऐकतो आणि त्याच चॅनेलवर दुसरे कुणी बोलत असेल तर थांबतो, मग ते दुसरे कुणी वरच्या मजल्यावरच्या अनोळखी कुटुंबाचे असले तरी. दुपारी इमारत रिकामी असते तेव्हा हे थांबणे जाणवत नाही; रात्री सगळे घरी येऊन मालिका, सामने आणि मुलांचे गृहपाठाचे व्हिडिओ सुरू झाले की तीन चॅनेलांवर सगळ्या मजल्यांची रांग लागते. उंच मजल्यांवर हा त्रास कमी असेल असा समज आहे, पण अनुभव बऱ्याचदा उलट येतो, कारण वरच्या खिडकीसमोर आड काही नसते आणि रस्त्यापलीकडच्या इमारतींचीही नेटवर्के तिथे स्पष्ट ऐकू येतात.

अँड्रॉइड फोनवर वायफाय तपासणारी मोफत ॲप्स मिळतात. आयफोनवर तशा ॲप्सना आजूबाजूची नेटवर्के मोजण्याची मुभा नाही. मॅकवर मात्र ऑप्शनची कळ दाबून ठेवून वायफायच्या चिन्हावर क्लिक केले की आपल्या जोडणीचा चॅनेल आणि ताकद दिसते. रात्रीच्या वेळी हे चित्र पाहून १, ६, ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांची नेटवर्के कमी किंवा क्षीण आहेत तो चॅनेल राउटरच्या सेटिंग्जमध्ये (ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की त्या उघडतात) कायम करावा. मधला ३ किंवा ८ रिकामा दिसतो म्हणून तो निवडण्याचा मोह टाळावा. तिथे दोन्ही बाजूंचा गोंगाट अर्धवट ऐकू येतो आणि तो अर्धवट ऐकू आल्यामुळे थांबण्याची शिस्तही नीट पाळली जात नाही. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झवरच ठेवावी. ४० केल्याने दाटीवाटीच्या इमारतीत वेग वाढत नाही, भांडणे वाढतात.

बटणाची जादूही इथेच उलगडते. पुष्कळ राउटर ‘ऑटो’ असले तरी चॅनेल फक्त सुरू होतानाच निवडतात. दुपारी वीज क्षणभर गेली आणि आली की त्या वेळच्या शांततेत जो चॅनेल बरा वाटला तोच रात्री गळ्याशी येतो. रात्री बटण दाबले की त्या क्षणीचा बरा चॅनेल मिळतो.

गर्दीत वायफाय नसलेलेही काही जण सामील असतात. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २.४५ गीगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे नऊ वाजता जेवण गरम करताना स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत कॉल तुटला तर योगायोग समजू नये. ब्लूटूथचे स्पीकर याच पट्ट्यात असतात. यूएसबी ३ची बाहेरची हार्ड डिस्क आणि तिची हलक्या प्रतीची वायर लॅपटॉपला खेटून ठेवली तर तीही या पट्ट्यात गोंगाट करते. हे कारण फार कमी लोकांच्या लक्षात येते.

या सगळ्यावरचा खरा उपाय म्हणजे फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गीगाहर्ट्झवर नेणे. २०१८च्या अधिसूचनेने भारतात या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवानामुक्त झाली, म्हणजे २.४च्या कित्येक पट. या लहरी भिंतींत लवकर अडकतात हा त्यांचा दोष सांगितला जातो. दाटीच्या शहरात तोच गुण ठरतो, कारण शेजाऱ्याच्या लहरीही त्याच्याच घरात अडकतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर कुठल्या पट्ट्यावर जायचे हे बहुतांशी फोन ठरवतो आणि एकदा २.४वर बसलेला फोन राउटरशेजारी आणला तरी तिथेच चिकटून राहतो. म्हणून निदान तपासणीपुरती दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत. स्मार्ट बल्ब आणि जुने प्रिंटर यांना फक्त २.४ कळते, त्यांना तिथे सुखाने राहू द्यावे.

५ गीगाहर्ट्झचा एक खास दोष मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अधूनमधून या पट्ट्यावरचे नेटवर्कचे नाव यादीतून मिनिटभर नाहीसे होते आणि मग आपोआप परत येते. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारांचा पहिला हक्क असतो. तिथे रडारच्या स्पंदनासारखे काही ऐकू आले की राउटरने चॅनेल सोडलाच पाहिजे, अर्धा तास तिथे परत जाता कामा नये आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर बोलण्याआधी किमान साठ सेकंद ऐकले पाहिजे, असा दंडक आहे. मुंबईत वेरावली येथे हवामान विभागाचे सी-बँड डॉप्लर रडार २०२२पासून आहे आणि सी-बँडमध्ये हाच पट्टा येतो. राउटरच्या नोंदींत ‘रडार’ किंवा ‘डीएफएस’ (रडार टाळण्याच्या याच दंडकाचे नाव) हा शब्द वारंवार दिसला तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला चॅनेल कायम करावा. तिथे हे बंधन नाही.

डबा कुठे टांगला आहे

जोडणी द्यायला आलेला माणूस राउटर तिथे बसवतो जिथून तार घरात येते. त्याचे काम पाच मिनिटांत आटोपते आणि आपण पुढची कित्येक वर्षे त्या जागेची किंमत मोजतो. मुंबईत ही जागा बहुधा मुख्य दरवाजावर, चपलांच्या कपाटाच्या डोक्यावर, माळ्यावर किंवा टीव्हीच्या पाठीमागे असते, म्हणजे घराच्या एका टोकाला. अर्धी रेंज जिन्याला आणि लिफ्टला मिळते.

भिंतींचा प्रकारही पाहावा लागतो. गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींत खोल्यांमधल्या भिंती विटांच्या असतात आणि त्यांतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ टॉवरांत मात्र ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती ओतल्या जातात, ज्याला बांधकामवाले ‘मायवान’ म्हणतात. तिथे आतल्या भिंतीही सळ्यांच्या जाळीसकट काँक्रीटच्या निघतात. अशा दोन भिंतींपलीकडे ५ गीगाहर्ट्झचा जीव जातो. त्यातून दिवाणखाना आणि झोपण्याची खोली यांच्या मध्ये न्हाणीघर येत असेल तर टाइल्स, नळ आणि गिझरची पाण्याने भरलेली टाकीही वाटेत उभी राहते. आरशाच्या दारांचे कपाट आणि लोखंडी तिजोरीचे कपाट हे दोन्ही लहरींना परतवतात.

मुलुंडच्या एका टॉवरमधले एका परिचितांचे घर याचे चांगले उदाहरण आहे. त्यांनी महागडा राउटर विकत घेतला होता आणि तरी मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर कॉल तुटत असे. मोजल्यावर दिसले की दरवाजावरच्या राउटरपासून सरळ रेघ काढली तर ती आधी फ्रिजमधून, मग न्हाणीघरातून आणि शेवटी कपाटाच्या आरशातून जात होती. टेबलावर वाचन उणे ७९ डीबीएम आले (डीबीएम हे लहरींच्या ताकदीचे माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी ताकद जास्त). राउटर टीव्हीच्या युनिटच्या दुसऱ्या टोकाला, पॅसेजच्या तोंडाशी आणल्यावर त्याच टेबलावर ते उणे ६४ झाले. दर ३ अंकांना ताकद अर्धी किंवा दुप्पट होते हे लक्षात घेतले तर हा फरक सुमारे तीसपट आहे, आणि त्याला खर्च आला तो काही मीटर वायर आणि चार खिळ्यांचा.

व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून बरे वाचन असावे असा सर्वसाधारण निकष आहे. उणे ७५च्या खाली गेले की काड्या काहीही म्हणोत, काम रखडतेच. मोजताना फोन जिथे प्रत्यक्ष वापरतो तिथे, म्हणजे उशीजवळ किंवा टेबलावर, खोलीचे दार बंद करून मोजावे. फायबरचा डबा हलवणे कठीण असेल, कारण ती पिवळी किंवा पांढरी बारीक तार फार वाकवली तर उजेड गळतो, तर तो डबा तिथेच राहू द्यावा आणि भिंतीच्या कडेने लॅनची वायर टाकून स्वतंत्र राउटर घराच्या मध्यावर ठेवावा.

रेंज वाढवणारा रिपीटर घेताना एवढे लक्षात ठेवावे की साधा रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे त्याच्यामागे वेग सुमारे निम्मा उरतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही त्या खोलीत लावतात. तिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. तो अध्येमध्ये, रेंज चांगली असेल तिथे हवा. मेशचे (मिळून एकच नेटवर्क पसरवणारे) दोन डबे घेतले तरी त्यांना आपसांत वायरने जोडता आले तरच पैसे वसूल होतात.

दुसरा राउटर जोडला की एक नवीच कटकट सुरू होऊ शकते. काही उपकरणे चालतात, काही ‘जोडले आहे पण इंटरनेट नाही’ म्हणतात, आणि कुठली चालणार हे रोज बदलते. दोन्ही डबे पत्ते वाटू लागले की असे होते. एखाद्या फोनला १९२.१६८.०ने सुरू होणारा आणि दुसऱ्याला १९२.१६८.१ने सुरू होणारा पत्ता मिळालेला दिसला, किंवा लॅपटॉपने १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतला, तर संशय इथेच घ्यावा. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावे, म्हणजे तो पत्ते न वाटता फक्त वायफाय देतो. तो पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि वायर त्याच्या वॅनऐवजी (बाहेरून येणाऱ्या जोडणीच्या छिद्राऐवजी) लॅनच्या छिद्रात लावावी.

दोष बाहेर निघाला तर

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा दिवा लाल झाला तर प्रकाश पोहोचत नाही एवढे स्पष्ट असते. खरी डोकेदुखी दिवा हिरवा असूनही जोडणी तुटते तेव्हाची. बहुतेक डब्यांच्या सेटिंग्जच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. उणे २० डीबीएमच्या आसपासचे वाचन चांगले, आणि उणे २७च्या जवळ गेले की डबा काठावर उभा असतो, म्हणजे थोडा पाऊस किंवा थोडी ओढ पुरते. खिडकीच्या ग्रिलवर टाचलेली, काचेच्या सरकत्या दारात चेपलेली किंवा कबुतरांच्या जाळीबरोबर आवळून बांधलेली तार हे याचे नेहमीचे कारण. तार स्वतः उपटून तिच्या टोकात डोकावू नये आणि ते टोक कापडानेही पुसू नये.

जुन्या इमारतींत अजूनही गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीतून तांब्याची लॅनची वायर घरात येते. अशा वायरीची मर्यादा शंभर मीटर आहे. ती गच्चीवरून फिरून, मधे चिकटपट्टीचा सांधा घेऊन आलेली असेल तर पावसाळ्यात बोलूच नये. समुद्राच्या खाऱ्या हवेने प्लगच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. याची एक खूण अगदी नेमकी आहे : प्लॅन दोनशे किंवा तीनशे एमबीपीएसचा असूनही वायरवर मोजलेला वेग ९४-९५च्या पुढे जातच नाही. गीगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोनच पुरतात, आणि एक जोडी तुटली की डबा मुकाट्याने शंभरवर उतरतो. नवा प्लग मारून घेतला की वेग परत येतो.

पाने उघडायला वेळ लागतो पण एकदा सुरू झालेला कॉल व्यवस्थित चालतो, तर दोष नावांचे पत्ते शोधणाऱ्या डीएनएसमध्ये असतो, राउटरमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून पाहावे. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागतात, तर ॲडॅप्टर म्हातारा झाला आहे. नवा घेताना व्होल्ट तेवढेच आणि अँपियर तेवढे किंवा जास्त असावेत. राउटरला लावण्याचा छोटा यूपीएस घेतानाही व्होल्टचा हाच नियम पाळावा. राउटरवर विणलेला रुमाल घालण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत तो काढून ठेवावा, कारण तापलेला डबाही असाच मधेच बसतो.

यांपैकी काहीच निघाले नाही, वायरवर बाहेरची खिडकी रोज रात्री ठरावीक वेळी अडखळते आणि बाकीच्या वेळी स्वच्छ राहते, तर पुरवठादाराच्या पुढच्या वाटेवर गर्दी आहे. तिथे घरातला कुठलाही बदल कामाचा नाही. तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ असे लिहू नये. त्यावर राउटर बंद-चालू करण्याचाच सल्ला येतो. तारीख आणि वेळ, लॅपटॉप वायरने जोडलेला होता हा उल्लेख, राउटरचे आणि बाहेरच्या पत्त्याचे पिंगचे आकडे एकाच चित्रात, आणि डब्यावरचे प्रकाशाचे वाचन एवढे लिहून पाठवावे, आणि तंत्रज्ञाची भेट रात्री आठनंतरचीच मागावी. त्याच विंगेतल्या दुसऱ्या एखाद्या घराची त्याच वेळची नोंद सोबत जोडता आली तर तक्रार एका सदनिकेची न राहता इमारतीच्या पेटीची होते, आणि मग पेटीकडे पाहायला माणूस येतो.